मूळ संहिता, ठिगळ आणि गाठोडे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळेच्या संगणक-कक्षात नववीचा वर्ग बसला होता. आमच्या काही संगणकांवर लिनक्स आहे आणि त्याचा दर्शनी भाग मराठीत ठेवलेला आहे. गुजरातेत राहून मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना निदान पडद्यावर तरी आपली भाषा दिसावी, एवढाच त्यामागील हेतू. निबंध लिहून झाल्यावर एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि विचारले, "सर, ही फाइल बुडते आहे का?" मी जवळ जाऊन पाहिले. जेथे 'जतन करा' असे शब्द असावयास हवे होते, तेथे 'वाचवा' असे लिहिलेले होते. 'सेव्ह' या इंग्रजी शब्दाचा कोशातील पहिलाच अर्थ उचलून कोणी तरी केलेले ते भाषांतर. वर्ग हसला, मीही हसलो. परंतु लगेच त्याच मुलाने दुसरा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. "सर, हे चुकले आहे हे सांगायचे कोणाला?"

प्रश्न साधा दिसतो. क्रमिक पुस्तकात चूक आढळली तर ते काढणाऱ्या मंडळाला लिहावे, वर्तमानपत्रात आढळली तर संपादकाला. संगणकावरील आज्ञावलीचे मात्र तसे नाही. ती लिहिणारा एक, तिच्यात दुरुस्ती करणारा दुसरा, आणि ती बांधून आपल्या दाराशी आणून देणारा तिसरा, असा प्रकार असतो. चूक या तिघांपैकी कोणाच्या हातून झाली हे कळल्यावाचून पत्र कोणाच्या पत्त्यावर टाकावे हे ठरत नाही. या तिघांचे नाते कसे आहे आणि आपल्या मुलांनी ते का जाणून घ्यावे, याविषयी माझे मत येथे मांडीत आहे. विषय संगणकाचा म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटू नये. यात पोथ्या, पुस्तके आणि रफूवाले यांच्याच गोष्टी पुष्कळ आहेत.

माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली म्हणजे मूळ संहिता. तिला सोर्स कोड म्हणतात. संगणकाला ती जशीच्या तशी कळत नाही. कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर करते. आपल्या चलथाणच्या सहकारी साखर कारखान्यात उसाच्या गाड्या आत जाताना आणि साखरेची पोती बाहेर पडताना आपण दर हंगामात पाहतो. उसाची साखर होते, साखरेचा ऊस होत नाही. यंत्रभाषेत गेलेल्या आज्ञावलीचेही जवळजवळ तसेच आहे. जवळजवळ म्हणतो, कारण अंकांवरून उलट वाचीत जाणारे तज्ज्ञ आहेत. परंतु ते काम अतिशय कष्टाचे असून मूळ लेखकाने दिलेली नावे आणि लिहिलेल्या टिपा त्यातून सहसा परत मिळत नाहीत. म्हणून मूळ संहिता हाती असण्याला मोल आहे.

ही रूपांतरित आज्ञावली, तिची चित्रे, तिचे निरनिराळ्या भाषांतील शब्द, ती संगणकात कोठे ठेवावी याच्या सूचना, आणि तिला चालावयास आणखी कोणकोणत्या आज्ञावली लागतात याची यादी, हे सर्व एकत्र बांधले म्हणजे पॅकेज झाले. आपण त्याला गाठोडे म्हणू. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतले, तो केवळ गाभा. त्या गाभ्याभोवती हजारो स्वतंत्र लेखकांच्या आज्ञावली गोळा करून, त्या एकमेकींशी जुळवून, गाठोडी बांधून जे लोकांना दिले जाते त्याला वितरण म्हणतात. डेबियन हे त्यांतील एक जुने वितरण. इयन मरडॉक यांनी ते १९९३ मध्ये आरंभिले आणि आज ते जगभरच्या स्वयंसेवकांच्या श्रमावर चालते. जून २०२३ मध्ये निघालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक गाठोडी होती.

आता ठिगळ, म्हणजे पॅच. जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभी किंवा शेवटी एक शुद्धिपत्र असे, ते वडील मंडळींना आठवत असेल. पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध अमुक, शुद्ध अमुक. छापलेले पुस्तक तसेच राही. वाचक पेन्सिल घेऊन बसे आणि शुद्धिपत्रावरून आपली प्रत सुधारून घेई. पॅच म्हणजे हुबेहूब हेच. त्यात जी ओळ काढावयाची तिच्या आरंभी वजाचे चिन्ह असते, जी घालावयाची तिच्या आरंभी अधिकाचे. १९८५ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी 'पॅच' नावाचीच एक आज्ञावली लिहिली. पेन्सिल घेऊन बसण्याचे काम तेव्हापासून ती करू लागली. शुद्धिपत्राला एक अडचण असते, तीही येथे आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, पाने पुढेमागे झाली, की पहिल्या आवृत्तीचे शुद्धिपत्र लागू पडत नाही. पॅचमध्ये यावर एक तोड काढलेली असते. ओळीचा क्रमांक तर असतोच, शिवाय तिच्या मागच्यापुढच्या बहुधा तीन तीन ओळीही उतरून घेतलेल्या असतात, म्हणजे क्रमांक चुकला तरी शेजाऱ्यांवरून घर सापडते. शेजारीच बदलले तर मात्र माणसाला बसावे लागते.

डेबियनमध्ये गाठोडे बांधणारा मूळ संहितेत हात घालून तेथल्या तेथे खाडाखोड करीत नाही. 'ॲप्ट सोर्स' ही आज्ञा देऊन कोणतीही संहिता मागवली, तर आजच्या पद्धतीत बहुधा तीन वस्तू येतात. पहिली, मूळ लेखकाने दिलेली संहिता. दुसरी, डेबियनने जोडलेले सर्व काही, आणि त्यात 'पॅचेस' नावाच्या कप्प्यात एकेक दुरुस्ती वेगळ्या कागदावर, कोणती आधी नि कोणती नंतर लावावयाची त्या क्रमासह. तिसरी, एक लहानसे वर्णनपत्र. त्यावर बांधणाऱ्याची सही असते आणि पहिल्या दोहोंत कोणी मागाहून फेरफार केला तर तो उघड व्हावा म्हणून पडताळ्याचे अंक असतात. प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो कशासाठी, कोणी लिहिला आणि मूळ लेखकाकडे धाडला आहे किंवा नाही, हे लिहावे असा संकेत आहे. १९९७ च्या जुलैत डेबियनने आपले नियम ठरविले, त्यांतही याची दखल आहे. माझी संहिता बदललेल्या स्वरूपात वाटू नका, असा आग्रह एखाद्या लेखकाने धरला तर तो मान्य करता येतो; मात्र दुरुस्त्या वेगळ्या जोडून देण्याची आणि त्या लावून गाठोडे बांधण्याची मोकळीक त्याने ठेवलीच पाहिजे. लेखकाचा मान आणि वाचकाचा अधिकार यांची सांगड घालण्याची ही रीत मला फार आवडली.

सुरतेच्या कापडबाजारात ज्या पालकांचा दिवस जातो त्यांना ठाऊक आहे की रफूवाल्याची कीर्ती रफू न दिसण्यात आहे. साडीवर कोठे भोक होते हे ग्राहकाला कळता कामा नये. येथे नेमके उलट आहे. ठिगळ दिसलेच पाहिजे, त्याचा धागा वेगळा ओळखू आला पाहिजे आणि ते कोणी लावले त्याचे नाव काठावर पाहिजे.

हे मला इतके महत्त्वाचे का वाटते, ते सांगण्यासाठी थोडे मागे जातो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षे ती हातांनी उतरून घेतली जात राहिली आणि उतरता उतरता पाठभेद शिरले. पैठणास एकनाथ महाराजांनी अनेक प्रती मिळवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला, आणि यात पुढे कोणी आपली ओवी मिसळू नये असा कडक इशारा देऊन ठेवला. मराठीवर त्यांचे हे उपकार थोर आहेत. वारकऱ्यांच्या मुखी आणि घरोघरच्या देवघरांत जी ज्ञानेश्वरी पोचली ती प्रामुख्याने नाथांनी शोधलेली. परंतु नाथांसमोर जो पाठ होता तो कोठे कसा होता आणि त्यांनी तेथे काय केले, याची ओळवार यादी आपल्या हाती नाही. त्या काळी तशी रीतच नव्हती, तेव्हा दोष कोणालाच नाही. पण परिणाम असा झाला की नाथपूर्व पाठ शोधण्यासाठी विद्वानांना जुन्या पोथ्या धुंडाळाव्या लागल्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तशी एक पोथी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केली, आणि तिच्यावरून वाद झाले. नाथांची शुद्धी आणि मूळ पोथी या दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या मिळाल्या असत्या, तर किती पिढ्यांचे श्रम वाचले असते! मराठी माणसाला मूळ संहिता आणि ठिगळ यांतील भेद शिकविण्यास फिनलंडला जावे लागत नाही, ते यामुळे.

यावर कोणी म्हणेल की सर्व काही उघड ठेवले म्हणजे सर्व काही ठीक झाले. तसे मात्र नाही. हे सांगितले नाही तर मी वाचकांना अर्धेच चित्र दाखविल्यासारखे होईल.

ओपनएसएसएल नावाची एक आज्ञावली आहे. संगणकांमधील गुप्त संभाषणासाठी लागणाऱ्या किल्ल्या ती तयार करते आणि त्यासाठी तिला कोणालाही ओळखता येणार नाहीत असे यादृच्छिक अंक लागतात. २००६ मध्ये डेबियनमध्ये तिचे गाठोडे बांधणाऱ्याने तिच्यातील दोन ओळी बाजूस काढल्या. चुका हुडकणारे एक साधन त्या ओळींविषयी तक्रार करीत होते, म्हणून. हेतू स्वच्छ होता. मूळ कर्त्यांना विचारणाही केलेली होती. परंतु त्या ओळींवरच अंकांची विविधता अवलंबून होती. त्या गेल्यावर एकेका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम बत्तीस हजारांच्या आसपास शक्यता उरल्या. इतक्या किल्ल्या तर एखादा साधा संगणकही एकामागून एक लावून पाहू शकतो! १३ मे २००८ रोजी ही गोष्ट जाहीर झाली, तोपर्यंत सुमारे वीस महिने लोटले होते. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूसारख्या वितरणांतही तो दोष उतरला होता. या साऱ्या काळात तो पॅच सर्वांसमोर उघडा होता. लुसियानो बेल्लो यांनी तो दोष हुडकला, तो संहिता खुली होती म्हणूनच; पण वीस महिने कोणी हुडकला नाही, ही गोष्टही तेवढीच खरी. वाचण्याची मोकळीक असणे वेगळे आणि कोणी तरी बसून वाचणे वेगळे.

२०२४ मध्ये तर मूळ लेखकाच्या दारातूनच विष आले. एक्सझेड नावाची, माहिती दाबून लहान करणारी एक आज्ञावली. तिचा सांभाळ वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ विनावेतन करीत होता. 'जिया टॅन' हे नाव घेतलेल्या कोणी तरी दोन-अडीच वर्षे चांगले चांगले पॅच धाडून त्याचा विश्वास संपादन केला आणि अखेर नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळविला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरच्या संगणकात शिरण्याची एक चोरवाट घातली. तिची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वजण ज्या दफ्तरात संहिता वाचतात तेथे चोरवाटेची सुरुवात करून देणारा तुकडा ठेवलेलाच नव्हता. तो केवळ वितरणांसाठी बांधून दिलेल्या संग्रहात होता. शिवाय डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचे गाठोडे बांधले जात असेल तरच तो जागा होई. आणि ज्या एसएसएच आज्ञावलीचे दार उघडावयाचे होते, तिच्या मूळ संहितेत एक्सझेडचा संबंधच नव्हता. काही वितरणांनी आपल्या सोयीसाठी तिला जो पॅच लावला होता, त्याच्या वाटेने तो संबंध जडला होता. मूळ संहिता, ठिगळ आणि गाठोडे या तिघांचे सांधे कोठे ढिले आहेत हे त्या चोराने आमच्यापैकी पुष्कळांहून अधिक बारकाईने अभ्यासिले होते, असेच म्हणावे लागते.

तो पकडला गेला तोही एका चौकस वाचकामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे दुसऱ्याच कामात होते. संगणकात प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच त्यांना खटकले. अर्धा सेकंद! आपण डोळा लवतो तितकाच अवधी म्हणा. त्यांनी ते सोडून दिले नाही, धागा धरून ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी जगाला सावध केले. ती आवृत्ती तेव्हा वितरणांच्या चाचणीच्या शाखांतच पोचली होती, स्थिर आवृत्त्यांत नव्हती, म्हणून मोठा अनर्थ टळला. एकाच मूळ संहितेपासून दोन ठिकाणी दोघांनी बांधलेली गाठोडी अक्षरशः सारखी निघालीच पाहिजेत, असा प्रयत्न डेबियनमधील मंडळी २०१३ पासून करीत आहेत. तो मला फार योग्य वाटतो. तरीही मुळातच विष असेल तर दोन्ही गाठोडी सारखीच विषारी निघतील, हे त्यांनाही ठाऊक आहे. वाचणाऱ्या डोळ्यांवाचून गत्यंतर नाही.

माझे म्हणणे आता सांगतो. संगणक शिकविणे म्हणजे तयार गाठोडे सोडून वापरावयास शिकविणे, अशी समजूत आपल्या शाळांत, आणि खरे बोलायचे तर आपल्या घरांतही, रूढ झाली आहे. कोठे टिचकी मारली म्हणजे काय होते हे मुले आमच्याहून लवकर शिकतात. त्यासाठी तास कशाला हवा? तास हवा तो गाठोडे उलगडून दाखविण्यासाठी. वर्षातून चार तास दिले तरी पुरेत. एका तासात एखाद्या लहान आज्ञावलीची मूळ संहिता उघडावी, दुसऱ्यात तिचे पॅच वाचावेत, तिसऱ्यात एक शब्द बदलून पॅच स्वतः तयार करावा, चौथ्यात तो मूळ लेखकाला पाठवावा. 'ही मुले काय संहिता समजणार?' असे एका पालकांनी मला विचारले. सगळी समजणार नाही, हे कबूल. परंतु मराठी शब्द असलेली ओळ समजेल, आणि ती ओळ तपासण्याचा अधिकार जगात मराठी वाचणाऱ्यांवाचून दुसऱ्या कोणाला आहे? पडद्यावरची मराठी बिघडली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. दुरुस्तीचा कागद लिहून पाठविणारे फार थोडे.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसावी असे वाटते. आपल्यापुरती दुरुस्ती करून थांबू नये. संगणक-कक्षातील एका हुशार मुलाने सुचविले होते की आपण आपल्याच संगणकातला तो शब्द बदलून टाकू. बदलता आला असता. पण पुढच्या वेळी नवे गाठोडे आले की त्याने आमचा बदल पुसून आपला 'वाचवा' पुन्हा बसविला असता. वितरणांचाही हाच अनुभव आहे. जो पॅच मूळ लेखकाने स्वीकारला तो पुढल्या आवृत्तीत मूळ संहितेचाच भाग होतो आणि ठिगळाची गरज सरते. जो आपल्याच घरी ठेवला, तो प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा मापून, पुन्हा शिवावा लागतो. शिवाय मूळ लेखकाची नजर त्यावरून फिरत नाही. २००६ च्या त्या दोन ओळींचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. म्हणून गाठोडे बांधणाऱ्याने ठिगळे थोडी लावावीत आणि लावलेले प्रत्येक मूळ लेखकाला दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या 'वाचवा'कडे येतो. आम्ही ती आज्ञावली मूळ संहितेसह मागविली. प्रथम डेबियनचा पॅचेसचा कप्पा उघडला. त्यात चार कागद होते. चारही वाचले, मराठीला कोणीही हात लावलेला नव्हता. म्हणजे गाठोडे बांधणारा निर्दोष. मग मूळ संहितेतील भाषांतरांचा कप्पा पाहिला. तेथे जगातील कितीतरी भाषांच्या रांगेत मराठीची फाइल होती, एका ओळीवर इंग्रजी शब्द, तिच्याखाली मराठी. 'वाचवा' तेथेच सापडला. पत्ता निश्चित झाला. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः पॅच तयार केला: एक ओळ वजा, एक ओळ अधिक. माथ्यावर कारण लिहिण्यास मात्र आम्हाला दोन दिवस लागले, कारण 'बुडणाऱ्याला वाचवतात, लिहिलेले जतन करतात' हे इंग्रजीत नीट सांगणे आमच्या अपेक्षेहून कठीण निघाले.

दोन आठवड्यांनी उत्तर आले. उत्तर देणारे मराठीच होते. त्यांनी मुलाचे आभार मानले, चूक मान्य केली आणि एक प्रश्न विचारला: 'जतन करा' का, 'साठवा' का नको? 'साठवा' लहान आहे, बोलण्यातला आहे, आणि त्याच आज्ञावलीत दुसऱ्या एका ठिकाणी तोच वापरलेला आहे. हा प्रश्न मी वर्गापुढे ठेवला. तेव्हापासून वर्गात दोन तट पडले आहेत. साठवण धान्याची होते, लिहिलेल्याची नव्हे, असे एका बाजूचे म्हणणे. जतन तर आजीच्या लुगड्याचे करतात, असे दुसऱ्या बाजूचे. काही मुलांनी घरी विचारून आणले, तर धुळे-जळगावकडच्या आजोबांचे मत एक आणि कोकणातल्या आजीचे दुसरे. येत्या शनिवारी मते घ्यावयाची आहेत. तोपर्यंत त्या पत्राचे उत्तर गेलेले नाही.